शिकार, रानमांस आणि पहिले शील : गरज कुठे संपते, हौस कुठे सुरू होते?

विदर्भातील जंगलालगतच्या गावांत पीक भरात आले की एक विषय हमखास निघतो. रात्री कुणाच्या तरी शिवारात रानडुक्कर मारले जाते. सकाळपर्यंत त्याचे वाटे पडतात आणि त्यातले काही वाटे बौद्ध वस्तीतही येतात. काही घरे वाटा घेतात, काही परत पाठवतात. मग विहारातल्या बैठकीत, लग्नाच्या पंगतीत, चहाच्या टपरीवर वाद सुरू होतो. "पंचशील घेतो आणि शिकारीचे मटण खातो, हे कसे चालते?" असे एकजण विचारतो. "बुद्धांनी मांस खायला बंदी केली नव्हती," असे दुसरा सांगतो. "आमच्या ताटात काय असावे हे दुसऱ्याने का ठरवायचे?" असे तिसरा म्हणतो.

सामाजिक कामाच्या निमित्ताने आम्ही अशा गावांत सतत जातो. या वादात चिडून उठलेली माणसे पाहतो आणि गप्प बसलेलीही पाहतो. आमच्या मते या वादात निदान तीन वेगळे प्रश्न एकत्र मिसळले जातात. मांस खावे की नाही, हा एक प्रश्न. प्राणी मारावा की नाही, हा दुसरा. आणि शिकार करणाऱ्या माणसाला आपण कोणत्या नजरेने पाहावे, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आहेत. ती वेगळी केली नाहीत तर आपण कुणाला तरी उगाच पापी ठरवतो, किंवा कुणाच्या तरी चैनीला उगाच धम्माचा आधार देतो.

एकच वाटा, अनेक नजरा

गावात या विषयावर बोलणारी माणसे ढोबळमानाने पाच-सहा प्रकारची आढळतात.

पहिला शेतकरी. त्याच्या सोयाबीनमध्ये, तुरीत, हरभऱ्यात किंवा धानात रानडुकरांचा कळप एका रात्रीत शिरतो. खाण्यापेक्षा तुडवून आणि उकरून जास्त नुकसान होते. रोही, म्हणजे नीलगाय, उभे पीक खाऊन जाते. हा माणूस थंडीत मचाणावर बसून जागल करतो. त्याला डुकराचा राग आहे. मांस त्याच्यासाठी दुय्यम आहे.

दुसरा मजूर. बोकडाचे मटण त्याच्या आवाक्याबाहेर गेले आहे. शिकारीचा वाटा आला तर लेकरांच्या ताटात मांस पडते. तो म्हणतो, "आम्ही मारले नाही, आम्ही मागितलेही नाही. आलेले अन्न परत कसे पाठवायचे?"

तिसरा शेजारचा आदिवासी. गोंड, माडिया, कोरकू किंवा कोकणातला कातकरी. त्याच्या आजोबा-पणजोबांसाठी जंगल हेच कोठार होते. पारध सामूहिक असे आणि वाटे सगळ्या घरांत जात. त्यात हौसेपेक्षा जगण्याचा आणि नात्यांचा भाग मोठा होता.

चौथा शौकीन. हा बहुधा गावचा नसतो. गाडी, झोतदिवा, बंदूक आणि सोबत बाटली. शेतघरावर 'जंगली मटणाची' पार्टी होते आणि मोबाइलमध्ये फोटो निघतात. त्याला भूक नाही आणि त्याचे पीकही नाही.

पाचवी न खाणारी माणसे. यात १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या घराने हे सोडले, असे अभिमानाने सांगणाऱ्या म्हाताऱ्या आजी आहेत. इगतपुरीला विपश्यनेचे शिबिर करून आल्यावर मांसच सोडलेला तरुण आहे. आणि "हरणाचे डोळे आठवतात म्हणून घास उतरत नाही" एवढेच कारण सांगणारी गृहिणीही आहे.

सहावा शिकलेला कार्यकर्ता. २०१५ मध्ये महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा कायदा लागू झाल्यापासून त्याला अन्नावरच्या प्रत्येक बंदीत जातीचे राजकारण दिसते. त्याचा संशय निराधार नाही. या देशात ताट पाहून माणसाची पत ठरवली गेली आहे, हा आपला अनुभव आहे.

या सगळ्यांना एकाच वाक्यात उत्तर देता येत नाही. म्हणून आधी मूळ विचारांकडे जाऊ.

तथागतांनी नेमके काय सांगितले?

पंचशीलातील पहिले शील प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे आहे. त्यात 'मारणे' येते, 'खाणे' येत नाही. मांसाबद्दलची चर्चा मज्झिम निकायातील जीवक सुत्तात आहे. तथागतांनी तिथे तीन कसोट्या सांगितल्या. प्राणी आपल्यासाठी मारला हे पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका असेल, तर ते मांस घेऊ नये. या तिन्हींपैकी काहीच नसेल तर भिक्षेत आलेले मांस भिक्खू घेऊ शकतो. देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासे पूर्ण बंद करावेत अशी मागणी केली होती. तथागतांनी ती सक्ती नाकारली.

हा भाग आपल्या लोकांना चांगला पाठ असतो. पण त्याचा अर्धाच उपयोग केला जातो. शिकारीच्या वाट्याला ही कसोटी लावून पाहा. गावातील टोळी रात्री निघते तेव्हा कोणत्या घरांना वाटा जाणार हे बहुतेक वेळा ठरलेले असते. ज्या घरात प्रत्येक वेळी वाटा येतो, ते घर 'ज्यांच्यासाठी मारले' त्यांच्या यादीत आपोआप बसते. तिथे "आम्ही पाहिले नाही" हे खरे असू शकते. "आम्हाला शंकाही नव्हती" हे म्हणणे कठीण आहे. भिक्षापात्रात अचानक पडलेला घास आणि दर हंगामात येणारा ठरलेला वाटा एकाच मापाने मोजता येत नाहीत.

विनयपिटकातील महावग्गात भिक्खूंसाठी दहा प्रकारचे मांस वर्ज्य केले आहे : माणूस, हत्ती, घोडा, कुत्रा, साप, सिंह, वाघ, बिबट्या, अस्वल आणि तरस. यातील शेवटचे पाच जंगली हिंस्र प्राणी आहेत. त्यामागचे कारणही दिले आहे. असे मांस खाऊन जंगलात राहणाऱ्या भिक्खूंवर, त्यांच्या अंगाच्या वासामुळे, त्याच जातीचे प्राणी हल्ला करत. हत्ती-घोडे राजाची अंगे मानली जात, तर कुत्रा आणि साप खाण्याची लोकांना किळस होती. म्हणजे हे नियम सुरक्षितता, राजसत्ता आणि लोकभावना पाहून केलेले आहेत. एखादे मांस जन्मतः अपवित्र आहे, असे त्यात कुठेही नाही. शुद्ध-अशुद्धाची उतरंड ही आपली परंपरा नव्हे.

उपासकांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली आहे. अंगुत्तर निकायात उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार दिले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. रानडुक्कर मारून त्याचे मांस किलोवर विकणारा बौद्ध तरुण या यादीपुढे काय उत्तर देईल, हे त्याने स्वतःला विचारावे.

शिकाऱ्याच्या बायकोची कथा

धम्मपदाच्या अट्ठकथेत कुक्कुटमित्त नावाच्या शिकाऱ्याची कथा आहे. त्याची बायको तरुणपणीच स्रोतापन्न झालेली होती, म्हणजे धम्ममार्गावर पक्की पोहोचलेली. तरीही नवरा शिकारीला निघाला की ती त्याला धनुष्य, बाण आणि जाळे काढून देत असे. पुढे तथागतांच्या भेटीनंतर तो शिकारी, त्याचे सात मुलगे आणि सुनाही धम्माकडे वळल्या. तेव्हा भिक्खूंनी विचारले, "ही बाई इतकी वर्षे शस्त्रे हातात देत होती, मग तिने हत्या केली नाही का?" तथागतांचे उत्तर होते की तिच्या मनात मारण्याचा हेतू नव्हता. नवऱ्याने सांगितलेले काम तिने केले. म्हणून तो दोष तिला लागत नाही.

ही कथा आम्हाला दोन कारणांनी महत्त्वाची वाटते. एक म्हणजे कर्माचा निवाडा हेतूवर होतो, हे ती स्पष्ट करते. दुसरे म्हणजे शिकाऱ्याच्या घरात राहणारे, त्याच्या चुलीवर शिजवणारे माणूसही धम्माच्या वाटेवर असू शकते. बाहेरून पाहणाऱ्याला फक्त हातातले धनुष्य दिसते. विहाराच्या पायरीवर उभे राहून कुणाच्या घरात काय शिजते याची चौकशी करणाऱ्यांनी ही कथा जरूर वाचावी.

पण या कथेचा ढाल म्हणूनही वापर करता येणार नाही. त्या बाईच्या मनात मारण्याची इच्छा नव्हती, हा कथेचा कणा आहे. ज्याच्या मनात ती आहे, त्याला ही कथा सोडवत नाही.

बाबासाहेबांनी केलेला फरक

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेवर सविस्तर लिहिले आहे. त्यांची मांडणी अशी : मारण्याची गरज वेगळी आणि मारण्याची इच्छा वेगळी. बुद्धांचा विरोध होता तो केवळ इच्छेपोटी होणाऱ्या हत्येला. यज्ञातील पशुबळीमागे मारण्याची इच्छा आहे. दुसऱ्या टोकाला जैन मत आहे, जिथे कधीही न मारण्याचा आग्रह आहे. बुद्धांची अहिंसा या दोन टोकांमधला मध्यम मार्ग आहे. बाबासाहेब पुढे तत्त्व आणि नियम यांतला भेदही सांगतात. नियम माणसाला बांधून टाकतो. तत्त्व माणसाला विचार करून वागायला मोकळीक देते, आणि म्हणूनच जबाबदारीही देते.

आमच्या मते शिकारीच्या वादात याहून उपयोगी कसोटी सापडणार नाही. ती वर सांगितलेल्या माणसांना लावून पाहू.

अंगावर धावून आलेल्या अस्वलाला जीव वाचवण्यासाठी मारणे ही गरज आहे. कायदाही तिथे माणसाच्या बाजूने आहे. जंगलाशिवाय ज्याला दुसरे कोठारच नव्हते, त्या आदिवासी पूर्वजाची पारध ही गरज होती. पीक वाचवणे ही शेतकऱ्याची गरज आहे यात शंका नाही. मात्र ती प्रत्येक वेळी 'मारण्याची' गरज असते का, हे तपासावे लागते. झोतदिवा लावून ससे आणि हरणे टिपणाऱ्या शौकिनाकडे गरज अजिबात नाही. तिथे उरते ती निव्वळ इच्छा.

मजुराचे काय? महिनोन्महिने मांस न मिळालेल्या घरातील भूक खरी आहे. तिची थट्टा करणाऱ्याला धम्म कळला नाही. पण अंडी, कोंबडी आणि डाळ ही या भुकेची मिळू शकणारी उत्तरे आहेत. आणि पुढे पाहू तसे, त्या वाट्याची सर्वांत मोठी किंमत याच घराला मोजावी लागते.

इथे एक गोष्ट वेगळी करून सांगायला हवी. बाबासाहेबांनी १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्यामागे शाकाहाराचा आग्रह नव्हता. गावाने लादलेले, गुलामीची खूण बनलेले अन्न नाकारून स्वाभिमानाने जगा, असे ते आवाहन होते. म्हणून "बाबासाहेबांनी मांस सोडायला सांगितले" असे म्हणणारे चुकतात, आणि "बाबासाहेबांनी आहारावर काहीच म्हटले नाही" असे म्हणणारेही चुकतात. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे पालन करण्याची प्रतिज्ञा आहे, हेही आपण विसरू नये.

राजाने सुरुवात स्वतःच्या स्वयंपाकघरापासून केली

शिकार सोडण्याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच महाराष्ट्रात सापडला आहे. सम्राट अशोकांच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्यात मिळाला. पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रांना जात आणि त्यांत मृगया असे. अशोकांनी राज्याभिषेकानंतरच्या दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला भेट दिली आणि तिथून धम्मयात्रा सुरू झाल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. शिकारीची जागा लोकांच्या भेटीगाठी, दान आणि धम्मचर्चा यांनी घेतली.

पहिल्या शिलालेखात तर राजा स्वतःच्या मुदपाकखान्याचा हिशेब देतो. पूर्वी रोज लाखो प्राणी मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण नेहमी नाही, आणि पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत. अफगाणिस्तानातील कंदाहार येथे १९५८ मध्ये सापडलेल्या ग्रीक आणि अरामी लेखातही राजाचे शिकारी आणि कोळी थांबले असल्याचा उल्लेख आहे. पाचव्या स्तंभलेखात न मारण्याच्या प्राण्यांची मोठी यादी आहे, आणि विनाकारण किंवा जीव मारण्यासाठी जंगल पेटवू नये अशी आज्ञाही आहे.

यातला क्रम लक्षात घ्यावा. ज्याच्याकडे सत्ता होती आणि ज्याला काहीच कमी नव्हते, त्याने आधी आपले ताट आणि आपली हौस तपासली.

अजिंठ्याच्या दहाव्या लेणीतही शिकार आहे. छद्दन्त जातकात सहा सुळ्यांच्या हत्तीला मारायला सोनुत्तर नावाचा शिकारी जातो. पण हुकूम राणीचा असतो आणि तिच्या मनात जुना राग असतो. हत्ती शिकाऱ्याला इजा करत नाही, उलट स्वतःचे सुळे काढून देतो. ते सुळे समोर आल्यावर राणीचे काळीज फाटते. बाण सोडणारा हात आणि बाण सोडायला लावणारी इच्छा वेगवेगळ्या माणसांची असू शकतात, हे ही कथा सांगते. आजही जंगलात फास लावणारा गरीब असतो आणि मांसाची, कातड्याची किंवा सुळ्यांची मागणी करणारा दुसराच कुणी असतो. पकडला जातो तो बहुधा पहिलाच.

राजाची मृगया आणि पारध्याचा गुन्हा

समाजशास्त्राच्या अभ्यासात आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. शिकार चांगली की वाईट हे कृतीवरून कमी आणि करणाऱ्याच्या जागेवरून जास्त ठरले आहे.

बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात शिकारीचे प्रकार आणि मांसाचे पदार्थ वर्णिले आहेत. त्यात शेतातले उंदीर तळून-भाजून खाण्याची रीतही आहे. राजाच्या ताटात तो पदार्थ 'पाककला' ठरला. तोच उंदीर कातकऱ्याच्या ताटात आला की त्याला आजही हिणवले जाते. संस्थानिक आणि इंग्रज अधिकारी मेलेल्या वाघावर पाय ठेवून फोटो काढत. त्या फोटोंना दिवाणखान्यात जागा मिळाली. त्याच काळात, १८७१ पासून, गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक भटक्या समूहांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. फासे लावून तित्तर, लावे पकडून पोट भरणारे पारधीही या शिक्क्याखाली आले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. पण गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जाण्याची सवय अजून गेलेली नाही.

म्हणून आपल्यातील कुणी "ते पारधी, ते आदिवासी, त्यांना काय धम्म कळणार" असे बोलले की आम्हाला वाईट वाटते. ताटावरून माणसाला कमी लेखण्याची ही रीत आपल्यावर शतकानुशतके वापरली गेली. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी ज्याला 'संस्कृतीकरण' म्हटले, त्यात वरच्या जातींसारखे दिसण्यासाठी मांसाहार सोडणे हा एक ठळक भाग होता. करुणेतून सोडलेले मांस आणि 'आम्ही आता वरचे झालो' हे दाखवण्यासाठी सोडलेले मांस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिले धम्माकडे नेते. दुसरे जातीच्या शिडीवर परत चढवते.

कायदा काय सांगतो?

भावना काहीही असो, कायद्याची माहिती नसल्यामुळे आपल्या वस्त्यांचे मोठे नुकसान होते. म्हणून हे नीट समजून घ्यावे.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा आहे. 'शिकार' या शब्दात मारणे तर येतेच. फास लावणे, सापळा लावणे, विष घालणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. जीव वाचवण्यासाठी सद्हेतूने मारल्यास तो गुन्हा होत नाही. मात्र मेलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. रीतसर परवानगी घेऊन मारलेल्या प्राण्यालाही हाच नियम आहे. म्हणजे परवाना असला तरी त्याचे वाटे पाडता येत नाहीत. वन्यप्राण्याचे मांस जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. प्राणी अनुसूची १ मधला असेल, किंवा शिकार अभयारण्यात अथवा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. मोर आणि घोरपड या अनुसूचीत आहेत. कोकणात आणि इतरत्रही 'कंबरदुखीवर औषध' म्हणून घोरपड मारली जाते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

वनहक्क कायदा, २००६ ने जंगलात राहणाऱ्यांचे गौण वनोपज, चराई, मासे असे अनेक हक्क मान्य केले. पण पारंपरिक शिकारीचा हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. त्यामुळे "आमची परंपरा आहे" हे सांगून आदिवासीही कोर्टात सुटत नाही.

आता मजुराच्या घराकडे परत येऊ. डुक्कर मारणारा रातोरात निघून जातो. सकाळी वनखात्याची धाड पडते तेव्हा ज्याच्या पातेल्यात मांस सापडते तो आरोपी होतो. जामीन, वकील, तारखा, बुडालेली मजुरी. किलोभर मांसासाठी घर वर्षानुवर्षे मागे जाते. वाटा देणारा या खर्चाला हातभार लावायला येत नाही.

शेतकऱ्याला उपदेश पुरेसा नाही

शेतकऱ्याला केवळ करुणेचा उपदेश करून चालणार नाही. ज्याचे पीक गेले त्याला शील सांगणे सोपे असते, विशेषतः सांगणाऱ्याला पगार असतो तेव्हा.

राज्य सरकारने २०१५ मध्ये पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरांना आणि रोह्यांना मारण्यासाठी वनखात्याकडून परवाना देण्याची पद्धत ठरवली. म्हणजे कायदेशीर वाट आहे, पण ती अर्ज आणि पंचनाम्यातून जाते. हत्येचा मार्ग राज्याने मोठ्या प्रमाणावर वापरला तेव्हा काय होते याचे उदाहरण बिहारमध्ये आहे. २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून दोनशेहून अधिक नीलगाई मारल्या गेल्या. त्यावरून केंद्रातल्या दोन मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. एकाला त्यात शेतकऱ्याची गरज दिसली, दुसरीला मारण्याची हाव. जो वाद आपल्या टपरीवर चालतो तोच दिल्लीतही चालला.

सर्वांत धोकादायक उपाय म्हणजे कुंपणाच्या तारेत सोडलेला विजेचा प्रवाह. त्यात डुक्कर मरते, वाघ मरतो आणि माणूसही मरतो. विदर्भात असे मृत्यू झालेले आहेत. पहाटे शेतात जाणारी निंदणारी बाई, रात्री पाणी द्यायला गेलेला सालगडी, गुरे शोधणारा पोरगा यांना ती तार दिसत नाही. मारलेल्या प्राण्यांपेक्षाही या मृत्यूंची जबाबदारी जड आहे. गावठी बॉम्ब आणि विषाचे आमिष यांचेही तसेच आहे. विषाने मेलेल्या जनावराचे मांस वाट्यात आले तर काय होईल, याचा विचार वाटा घेणाऱ्याने करावा.

नुकसानभरपाई मिळते, पण ती मागावी लागते. नुकसान दिसताच वनखात्याला लेखी कळवणे, फोटो काढणे, पंचनाम्याच्या वेळी हजर राहणे, या गोष्टी वेळेवर झाल्या नाहीत तर अर्ज मागे पडतो. ठेक्याने किंवा बटाईने शेती करणाऱ्याची अडचण वेगळी. सातबारा मालकाच्या नावावर असतो आणि पीक याचे गेलेले असते. आपल्या समाजातील बरीच कुटुंबे याच गटात मोडतात.

मग आपण काय करावे?

आम्ही कुणाच्या ताटावर पहारा बसवण्याच्या विरोधात आहोत. तरी इतक्या चर्चेनंतर काही गोष्टी ठामपणे सांगता येतात.

१. हौसेची शिकार धम्माला धरून नाही. गरज नसताना जीव घेणे हेच तर पहिले शील थांबवते. आपल्या तरुणांनी अशा पार्ट्यांना जाऊ नये आणि त्यांचे फोटो मिरवू नयेत.

२. वाटा घेणे थांबवावे. मांसाहार चूक आहे म्हणून नव्हे. ठरलेला वाटा आपल्याला हत्येत सहभागी करतो आणि कायद्याच्या तडाख्यात सर्वांत आधी आपल्यालाच उभे करतो, म्हणून.

३. मांसाचा व्यापार, फासे, विजेची तार आणि विष यांपासून दूर राहावे. शेजारी तार लावत असेल तर त्याला समजावावे. ऐकले नाही तर वीज कंपनीला आणि वनखात्याला कळवावे. त्यात चुगली नाही, जीव वाचवणे आहे.

४. विहारात महिन्यातून एकदा भरपाईच्या अर्जांसाठी बसावे. शिकलेल्या मुला-मुलींनी अर्ज भरून द्यावेत. गावाने मिळून सौरकुंपण आणि आळीपाळीने जागल यांची मागणी व आखणी ग्रामसभेत करावी. पीक वाचले तर मारण्याची गरजच कमी होते.

५. पारधी, कातकरी, माडिया, गोंड या बांधवांना त्यांच्या अन्नावरून कमी लेखू नये. त्यांच्या जमिनीच्या, रेशनच्या, शाळेच्या आणि वनहक्काच्या लढ्यात सोबत उभे राहावे. पोट भरण्याची दुसरी वाट मिळाली की फास आपोआप सुटतो. ही वाट मिळवून देणे ही आपली मैत्री.

६. ज्यांनी मांस पूर्ण सोडले आहे त्यांचा आदर करावा. त्यांनीही न सोडलेल्यांचा करावा. मनातला हेतू ज्याचा त्यालाच कळतो. म्हणून "मला याची गरज आहे की फक्त इच्छा आहे?" हा प्रश्न प्रत्येकाने आधी स्वतःला विचारावा आणि दुसऱ्याला विचारताना आवाज खाली ठेवावा.

येत्या वर्षावासात अनेक विहारांत ग्रंथवाचन होईल. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मधील अहिंसेचे प्रकरण त्यात आवर्जून वाचावे आणि वाचून झाल्यावर शेतकरी, मजूर, बाया-माणसे, तरुण सर्वांना बोलू द्यावे. आदिवासी पाड्यावरच्या शेजाऱ्यांनाही बोलवावे. आपल्या गावात हा प्रश्न कसा सुटला किंवा कुठे अडला, ते आम्हाला जरूर कळवा.

जय भीम! नमो बुद्धाय!